चौथी कड

३ फेब्रुवारी २०१९, रविवार. शहापूर

मनालीने तिकीट पाठवलं. शनिवार, २ मार्च, नागपूर ते बंगलोर. डॉक्टरांनी तिला २० मार्च ही तारीख दिली आहे, म्हणजे मी अठरा दिवस आधीच तिथे असेन.

फोनवर तिने अट घातली. "आई, फक्त हातातली बॅग आणायची. सात किलो. बाकीच्या सामानाचं तिकीट मी काढलेलंच नाही."

"अगं, बाळंतिणीकडे येताना सात किलोत काय मावतं?"

"तू मावतेस ना? बस. लग्नात तू पाच बोचकी आणली होतीस, अंकुश अजून सांगतो लोकांना. आणि तुझा गुडघा. सामानाच्या पट्ट्यापाशी अर्धा तास उभं राहायचं नाही. उतरलीस की सरळ बाहेर."

अंकुश माझा जावई. त्याआधी माझा विद्यार्थी. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी, १९९९ला, तो आणि मनाली दोघंही दहावीला, माझ्याच वर्गात होते. म्हणून मी त्याला अजून अरेतुरे करते आणि तो अजून माझ्यासमोर उभा राहतो.

लग्नाला नऊ वर्षं झाली. पहिल्यांदा मनालीचं पोटातलं गेलं तेव्हा माझी परीक्षेची ड्यूटी होती. आठ दिवसांनी गेले. दुसऱ्यांदा हे दवाखान्यात होते. गेलेच नाही. दोन्ही वेळा ती फोनवर एकच बोलली, "राहू दे आई, आता येऊन काय करशील." त्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं.

या वेळी मी तिला शब्द दिला आहे. काही व्हायच्या आत मी तिथे असेन.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

मनालीने दिवाळीत दिलेली चाकांची बॅग घेऊन सुखरामच्या दुकानात गेले. तांदूळ तोलायच्या काट्यावर ठेवली.

"म्याडम, हे तं रिकामीच दोन किलो चारशे भरून राहिली," सुखराम म्हणाला. "इमानात तुमी जाता का बॅग जाते?"

"काटा बरोबर आहे ना तुझा?"

"काटा बरोबर हाये जी. बॅगच खाऊनपिऊन सुखी हाये."

दुकानातल्या बायका हसल्या, मीही हसले. घरी येऊन यांचा फॅक्टरीचा खाकी झोळा काढला. जवाहरनगरच्या फॅक्टरीत एकोणतीस वर्षं हा झोळा यांच्या खांद्यावर गेला. तळाला अजून डब्याच्या तेलाचा गोल डाग आहे. भरला तीनशे ग्रॅम. यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण उपयोगी पडायची सवय गेली नाही.

मी शिकले त्या कामठीच्या बोर्डिंगमध्ये सिस्टर बेनेडिक्टा सुट्टीला घरी जाताना प्रत्येकीची पिशवी स्वतः उचलून बघायच्या. "जे तुला स्वतःला स्टेशनपर्यंत उचलता येत नाही, ते तुझं नाही." माझ्या पिशवीतून त्यांनी एकदा आईसाठी जमवलेल्या चिंचा काढून ठेवल्या होत्या. मी स्टेशनापर्यंत रडत गेले. पिशवी मात्र हलकी होती, हे खरं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

आज दुपट्याला हात घातला. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनं लागावं, नवं नाही, असं माझी आई म्हणायची. नवं टोचतं. जुन्यात माणसाचं अंग मुरलेलं असतं.

यांचे दोन पांढरे सदरे मी जपून ठेवले होते. दरवर्षी दीक्षाभूमीला जाताना घालायचे ते. वर्षातून एकदा घालायचे, पण धुवायचे मात्र दोनदा, जाण्याआधी आणि आल्यावर. इतके मऊ झाले आहेत की हातात घेतले तर हात कोरडा आहे की ओला कळत नाही. ते उसवून मोठं दुपटं बेतलं.

शेजारच्या शकुनबाई भाजी निवडायला येऊन बसल्या. त्यांनी पाहिलं आणि हातातली मेथी खाली ठेवली.

"मास्तरीणबाई, हे काय करून राहिल्या? लेकरू यायच्या आंधी दुपटं पुरं करत नाई वो."

"शकुनबाई, आम्ही हे मानत नाही. तीस वर्षं शेजारी आहात, माहीत आहे तुम्हाला."

"तुमी नोका मानू. पन मी मानतो. तुमी शिवान आन् झोप माही जाईन."

शेवटी तह झाला. तीन कडा शिवायच्या, चौथी उघडी ठेवायची. बाळ आलं की मग चौथीला टाके घालायचे. सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलेली बारीक तुरपाई मला येते, म्हणून मी कबूल केलं. तेवढं एक दिवसाचं काम बंगलोरला जाऊन करीन.

मानत नाही म्हणते खरी, पण चौथी कड मोकळी पाहून मलाही का कोण जाणे बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा काट्यावर. झोळा, दुपटं, चार झबली, कानटोप्या, एक जुनी चादर, मालिशच्या तेलाची बाटली, बाळंतकाढ्याच्या पुड्या. माझी दोन पातळं, औषधं, चष्मा. आंधळगावचा रेशमी कोसा, नामकरणाला नेसायला. पाच किलो सहाशे. डिंकाचे लाडू अजून व्हायचे आहेत, ते दोन किलो तरी होतील.

एक पातळ काढलं. मनालीचं नेसीन. अंगावर स्वेटर घालून जाईन, अंगावरचं मोजत नाहीत.

सुखराम म्हणाला, "म्याडम, तुमी पोतं भराले आल्या का खाली कराले? रोज काईतरी काढूनच राहिल्या."

१९ फेब्रुवारी, मंगळवार

मनालीशी बोलले. आवाज थकलेला. "आज फार शांत आहे गं, आई. एरवी माझ्या ताटाला लाथ मारतं."

"डॉक्टरांना सांग."

"उद्या तपासणी आहेच."

मग तिने विचारलं, "बाबांचा कुठला सदरा कापलास?" मी म्हटलं दोन्ही. मग म्हणाली, "चांगलं केलंस."

२१ फेब्रुवारी, गुरुवार

घाईत लिहिते आहे. अक्षर वाईट येईल.

काल मनालीचा फोन आला नाही. आज दुपारी मी केला, तिने उचलला नाही. संध्याकाळी पाच वाजता अंकुशचा आला.

"आई, उद्या सकाळचं तिकीट काढतो. तुम्ही या."

"का रे? मनाली कशी आहे?"

"बरी आहे. झोपली आहे. तुम्ही फक्त या. सामान काही नको. हातात मावेल तेवढंच."

"झालं का रे?"

तो म्हणाला, "तुम्ही इथे या, आई, मग बोलू." आवाज भरून आला होता.

मी ओळखलंच. मला चकित करायचं आहे त्यांना. वर्गात असतानाही अंकुशला गुपित ठेवता येत नसे, कान लाल व्हायचे. मनालीच्या जन्माच्या वेळी हेसुद्धा दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून रडले होते, आणि नर्सला वाटलं काही वाईट झालं.

पण घरात काहीच तयार नाही! लाडू नाहीत. आणि चौथी कड. बाळ आलं आहे, आता ती शिवायला हरकत नाही. अपुरं दुपटं घेऊन नातवंडाच्या तोंडाकडे कशी बघू?

म्हटलं, "अंकुश, परवाचं काढ. एक दिवस दे मला. काम अर्धं राहिलं आहे."

"उद्या नाहीच जमणार का, आई?"

"अरे, एका दिवसाने काय होतं?"

मला वाटलं फोन कटला. मग "बरं" म्हणाला.

मुलगा की मुलगी, ते विचारायचंच राहिलं.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी लाडू केले. दुपारी जेवून अंगणातल्या उन्हात तुरपाईला बसले. पहिल्या तीन कडांचं रीळ संपलं होतं. सुखरामकडे मिळालं ते जरा निळसर पांढरं आहे, पण एवढं कोण बघतं. टाके अगदी बारीक घातले. मोठा टाका दिसला की सिस्टर बेनेडिक्टा सगळी शिवण उसवायला लावायच्या. चार वाजता शेवटची गाठ मारली.

शकुनबाई आल्या. मला वाटलं पेढा मागतील. पण त्या उंबऱ्यातच उभ्या.

"पोरगी बोलली का फोनवर?"

"नाही, झोपली असेल. दमली असेल हो."

"लेकराचा आवाज आयकवला का जावयानं?"

"नाही. भेटल्यावर सांगणार आहे म्हणे."

त्या झोळ्याजवळ बसल्या, लाडवांचा डबा बाहेर काढला आणि माझं ठेवून दिलेलं पातळ आत घातलं. रक्तदाबाच्या गोळ्या वरच्या कप्प्यात घातल्या.

"काहून काढता वो शकुनबाई? सकाळपासून खपले मी त्या लाडवांवर."

"राहू द्या ना, बाई. पातळ लागन तुमाले. एखांदी गाडी पाहून आजच निंघाल्या असत्या तं…"

"विमान उद्याचं आहे. आज जाऊन काय नागपूरच्या रस्त्यावर बसू?"

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेल्या. पोराबाळांच्या बाबतीत शकुनबाई फार काळजी करतात. त्या गेल्यावर मी पातळ काढून डबा पुन्हा आत ठेवला. कोसाही काढला, त्याशिवाय वजन जमेना. सहा किलो नऊशे. या वहीचंच वजन सव्वातीनशे, म्हणून वही घरी राहील. मागची काही पानं फाडून नेते.

२३ फेब्रुवारी, शनिवार. नागपूर विमानतळ

तासभर आहे, लिहिते. शकुनबाईंनी गाडीत बसताना माझा हात सोडला नाही. सुखराम दुकानातून ओरडला, "म्याडम, नातवाले सांगा, सुखराममामाचा काटा हाये, दर महिन्याले तोलून देईन!"

तपासणीत झोळा अडवला. वर्दीतल्या बाईंनी तेलाची बाटली काढून बाजूला ठेवली. "ये नहीं जाएगा, माताजी." मग त्यांनी झबलं उचलून पाहिलं आणि नीट घडी घालून परत ठेवलं. "बच्चा साथ में है?"

"वहाँ है," मी म्हटलं. "दो दिन का है."

त्या हसल्या. "मुबारक हो."

तेल तिथे मिळेल. इथे बसलेल्या सगळ्यांकडे केवढं सामान आहे! माझ्या मांडीवर एवढासा झोळा. आयुष्यात कधी इतकी हलकी निघाले नव्हते.

२५ फेब्रुवारी, सोमवार. बंगलोर

मुलगी होती. वजन दोन किलो चारशे. कागदावर लिहिलं आहे. रडली नाही. बुधवारीच तिचे ठोके लागत नव्हते. गुरुवारी दुपारी बाहेर आली.

परवा पट्ट्यापाशी न थांबता मी सगळ्यांच्या आधी दारातून बाहेर पडले. अंकुशने माझ्या खांद्यावरून झोळा घेतला आणि तो छातीशी धरून उभा राहिला. त्याच्याकडे बघून मला कळलं. त्याने काही सांगायच्या आधीच कळलं.

गाडीत त्याने सांगितलं. "दवाखान्यातले शुक्रवारी चारपर्यंत थांबले, आई. मनाली म्हणत होती, आईला एकदा बघू दे, मग न्या. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही एकट्या येणार, तुमचं बीपी. मी सांगायला हवं होतं."

"मी विचारायला हवं होतं," मी म्हटलं.

मनालीला त्याने सांगितलं आहे की शुक्रवारचं तिकीट मिळालं नाही.

शुक्रवारी चार वाजता.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

मनाली रडत नाही. खिडकीशी बसते. काल एकदाच बोलली.

"त्यांनी तिला नव्या टॉवेलमध्ये गुंडाळलं, आई. दुकानातून आणलेला. त्याचं लेबलसुद्धा काढलं नव्हतं कोणी. मीच दातांनी तोडलं."

झोळा मी कपाटाच्या मागे सरकवला आहे. लाडू शेजारच्या घरी दिले. त्यांनी विचारलं कशाचे, मी म्हटलं, असेच.

अंकुशने तिला सांगितलेलं खोटं तसंच राहावं असं वाटतं. तिकीट मिळालं नाही. किती साधं कारण आहे. कोणाचाच दोष नाही.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

आज पहाटे तिचा गाऊन पुढून ओला झाला होता. दूध आलं. डॉक्टरांनी गोळी दिली आहे, पण म्हणाल्या दोनतीन दिवस त्रास होईल, आधाराला घट्ट बांधून ठेवा. छाती दगडासारखी झाली होती. अंकुशने आणलेला पट्टा लावला तर ती ओरडली. "काढ, टोचतो आहे."

मी कपाटामागून झोळा काढला.

दुपटं पलंगावर पसरलं. तिने ते पहिल्यांदाच पाहिलं. हात फिरवला. यांच्या सदऱ्याच्या खिशाची जागा अजून कळते, तिथे कापड जरा जास्त पांढरं आहे. ती त्या जागेवर बोट ठेवून राहिली. मग बोट कडेने फिरत फिरत चौथ्या कडेवर आलं.

"ही कड वेगळ्या दोऱ्याची आहे."

खोटं बोलायला मला तेवढाच क्षण होता. रीळ संपलं, एवढंसुद्धा पुरलं असतं.

"ही शुक्रवारी शिवली," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. वर्गात मी हजारो मुलांना नजरेने गप्प केलं, पण त्या नजरेसमोर मला मान वर ठेवता येईना. मी कात्री घेतली आणि चौथी कड उसवायला लागले. टाके बारीक होते. एकेक निघायला वेळ लागत होता. सिस्टर बेनेडिक्टा असत्या तर त्यांना एकही चूक सापडली नसती.

कापडाच्या मोठ्या लांब पट्ट्या फाडल्या. तिचे हात वर केले. लहानपणी फ्रॉक घालताना करायची तसे.

पहिला वेढा घातला. दुसरा घातला.

मग म्हणाली, "घट्ट बांध, आई."

बांधताना ती माझ्या खांद्यावर पडून रडली. पहिल्यांदाच. यांच्या सदऱ्यात दूध मुरत गेलं.

१२ मार्च, मंगळवार. शहापूर

वही ठेवली होती तिथेच होती. फाडून नेलेली पानं आज परत आत चिकटवली.

मनाली माझ्याबरोबर आली आहे. निघताना अंकुशने विचारलं, बॅग भरून देऊ का. ती म्हणाली, आईकडे आहे सगळं. दोघींत मिळून एक झोळा. विमानतळावर माणसाने तो काट्यावर ठेवला, साडेतीन किलो. तो म्हणाला, "बस इतना ही?" मनाली म्हणाली, "इतना ही."

सुखरामने आम्हाला उतरताना पाहिलं. दुकानातून बाहेर आला, झोळा माझ्या हातातून घेतला आणि दारापर्यंत आणून ठेवला. शकुनबाईंनी गरम भात आणि मुगाचं पाणी आणलं. मनालीला जवळ घेऊन म्हणाल्या, "ये माय. जेव." माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, आणि ते फार बरं केलं.

पट्ट्या आता लागत नाहीत. धुऊन अंगणात दोरीवर घातल्या आहेत. दुधाचे डाग पूर्ण गेले नाहीत. मनाली म्हणते, राहू दे.

संध्याकाळी अंकुशचा फोन आला. स्पीकर लावून फोन मांडीवर ठेवला होता, मनालीही ऐकत होती.

"आई, शुक्रवारचं तिकीट आहे, पण ऑफिसमध्ये एक मीटिंग आहे. शनिवारी आलो तर चालेल का? एका दिवसाने काही…"

तो मध्येच थांबला. इकडे मनाली माझ्याकडे बघत होती.

"शुक्रवारीच ये रे," मी म्हटलं. "सामान काही आणू नकोस."